"वय झालंय" हे निदान नाही

आज एका वाक्याचा इतिहास बघू: "आता वय झालंय, चालायचंच." डॉक्टरांच्या केबिनमध्ये तुम्हीही ऐकलं असेल. मी आजीला घेऊन जातो तेव्हा हमखास होतं. ती समोर बसलेली असते आणि प्रश्न मला येतो, "यांना झोप लागते का?" अहो, तिला नीट ऐकू येतं, बोलताही येतं!

ही सवय जुनी आहे. इग्नाट्झ नॅशर नावाचे न्यूयॉर्कचे डॉक्टर होते. १९०९ मध्ये त्यांनी 'जेरिअॅट्रिक्स' हा शब्द रूढ केला. लहान मुलांसाठी पीडिअॅट्रिक्स, तसं म्हाताऱ्या माणसांसाठी हे. त्यांचं म्हणणं साधं होतं: म्हातारपण हा आजार नाही, बालपणासारखाच आयुष्याचा एक टप्पा आहे. त्यातले आजार वेगळे ओळखायला शिका.

शब्द आला, पण वॉर्ड तसेच राहिले. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारचं गरिबांसाठीचं रुग्णालय आलं. तिथे ७१४ पेशंट होते, बरेचसे वयस्कर. कित्येक जण दीर्घकाळ नुसते खाटेवर पडून. हे काम डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे आलं. त्यांनी काय केलं? एकेकाला नीट तपासलं. कोणाला कशाची गरज आहे, त्याप्रमाणे गट पाडले. भिंतींना उजळ रंग दिले, उजेड वाढवला. अर्धांगवायू झालेल्यांना उठवलं, चालायला लावलं. 'आता काही होणार नाही' म्हणून सोडून दिलेल्यांपैकी अनेक जण घरी गेले.

कुठलं जादूचं औषध नव्हतं हो! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बग न बघताच तिकीट क्लोज केलं होतं. बाईंनी ते परत उघडलं. १९४३ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये यावर लेख लिहिला आणि पुढे ब्रिटनमध्ये ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा झाली.

१९६९ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी वयावरून होणाऱ्या भेदभावाला नाव दिलं, 'एजिझम'.

डॉक्टरांना वेळ कमी असतो, बाहेर रांग असते, मान्य. पण "वय झालंय" म्हटलं की तपासणी तिथेच थांबते, आणि बरा होण्यासारखा आजारही तसाच राहून जातो. म्हणून पुढच्या वेळी प्रश्न तुमच्याकडे आला, तर हसून एवढंच म्हणा: "डॉक्टर, आजीलाच विचारा ना."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!