ऋद्धिपुरातील एकत्र बैठक

मोठ्या शहरांतून 'को-वर्किंग' नावाची सोय आता चांगलीच रुळली आहे. निरनिराळ्या व्यवसायांची माणसे एका छपराखाली टेबल भाड्याने घेतात आणि आपापले काम करीत बसतात. या प्रथेच्या आजच्या रूपाचा आरंभ 2005 साली सॅन फ्रान्सिस्को येथे ब्रॅड न्यूबर्ग याने केला, असे मानले जाते. आमच्या वणीसारख्या तालुक्याच्या गावी तिचे रूप आहे अभ्यासिकेचे. महिन्याचे शुल्क भरून स्पर्धा परीक्षेची मुले लाकडी कप्प्यांत रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. घरी जागा आहे, मग इथे कशाला, असे एका माजी विद्यार्थ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, शेजारचा उठत नाही, म्हणून आपणही उठत नाही."

हा लाभ खरा आहे. परंतु एकत्र बसण्याच्या लाभांतला तो सर्वांत लहान, असे मला वाटते. मोठा लाभ पाहायचा तर वणीच्या निर्गुडेचे पाणी जिला मिळते, त्या वर्धा नदीच्या खोऱ्याने वर जावे लागेल. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरपर्यंत, आणि काळाने साडेसातशे वर्षे मागे.

श्रीचक्रधरांनी उत्तरापंथे प्रयाण केल्यानंतर त्यांचा शिष्यपरिवार ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला. नागदेवाचार्य, म्हाइंभट, केशवबास, महदाइसा ही सारी मंडळी तेथे होती. चक्रधरांच्या आठवणींचे स्मरण हा त्यांचा नित्याचा क्रम. या आठवणी लिहून ठेवाव्यात, असे म्हाइंभटांच्या मनात आले. म्हाइंभट मोठे विद्वान. एकट्याने बसून एक डौलदार चरित्र रचणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. ज्यांनी जे पाहिले-ऐकले होते, त्या प्रत्येकाकडे ते गेले, गावोगाव हिंडले, आणि जमविलेली प्रत्येक लीळा नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. शके 1200 च्या, म्हणजे इ. स. 1278 च्या सुमारास सिद्ध झालेले 'लीळाचरित्र' हे मराठीतील आद्य गद्य चरित्र म्हणून आपण वर्गात शिकवतो. ते अनेकांच्या स्मृतीतून आणि एकाच्या तपासणीतून उभे राहिले, हे मात्र परीक्षेच्या उत्तरात क्वचितच येते. रिद्धपुरातील वाजेश्वरीचे स्थान हे त्याच्या लेखनाचे ठिकाण म्हणून पंथीय परंपरेत मानले जाते.

लीळाचरित्रातून चक्रधरांची वचने वेचून केशवबासांनी 'सूत्रपाठ' सिद्ध केला, दृष्टांत वेचून 'दृष्टांतपाठ' केला. त्यात 114 दृष्टांत आहेत. एकाचे हस्तलिखित दुसऱ्याच्या ग्रंथाचे साधन झाले, तेही लेखक हयात असताना आणि बहुधा हाकेच्या अंतरावर असताना. महदाइसेचे 'धवळे'ही याच सहवासातले. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला आणि त्यात गाण्यासाठी ते रचले गेले.

याच मंडळींविषयीची 'स्मृतिस्थळा'तील एक आठवण मला फार मोलाची वाटते. केशवबासांना संस्कृतात रचना करण्याची ओढ होती आणि तिला साजेसा अधिकारही होता. नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. कारण असे की, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. हा प्रसंग आपण मराठीच्या अभिमानाचा दाखला म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या म्हाताऱ्या कल्पनेतल्या वाचक नव्हत्या. त्या त्याच परिवारात होत्या, त्याच स्मरणाला बसत होत्या, प्रश्न विचारीत होत्या. लेखक दूर कुठे दार लावून बसला असता, तर त्यांची आठवण कोणाला झाली असती?

अर्थात, अशा बैठकीला एक अट असते: नाही म्हणण्याचा अधिकार कोणाला तरी असावा लागतो आणि तो इतरांना मान्य असावा लागतो. नागदेवाचार्यांचा तो होता. आम्हा प्राध्यापकांच्या स्टाफरूममध्ये बसायला जागा पुष्कळ. पण एकमेकांचा शोधनिबंध छापण्यापूर्वी वाचून "हे पटत नाही" म्हणण्याची रीत राहिलेली नाही. मीही कोणाला वाचायला देत नाही. असो.

पुढे ही बैठक बंदिस्त झाली. चौदाव्या शतकापासून पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. पोथ्या टिकल्या, नकला होत राहिल्या. पण बाहेरच्या वाचकाला सुमारे सहा शतके दार बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ही लिपी वाचली. त्यानंतर जी मंडळी या कामाला लागली, त्यांत आमच्याच जिल्ह्यातील यवतमाळचे य. खु. देशपांडे होते. (1905 पर्यंत या जिल्ह्याचे नाव वणी जिल्हा असे होते, हे आम्ही वणीकर कारण नसतानाही सांगतो.) त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ 1925 चा. हरिभाऊ नेने, वि. भि. कोलते यांनी पुढे पाठसंशोधन केले. महंतांनी मठांतील बासने सोडली, म्हणून हे शक्य झाले.

बासने सुटली, तेव्हा त्या जुन्या बैठकीची एक खूण सापडली. परंपरा सांगते की, खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली आणि शिष्यांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले. साहजिकच स्मरणे जुळेनात. तेव्हा त्यांनी एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. हिराइसेला जे आठवले, परशरामबासांना जे आठवले, रामेश्वरबासांना जे आठवले, ते त्यांच्या त्यांच्या नावाने नोंदले. पोथीत लीळेच्या ओघात मध्येच 'वासना' असा शब्द येतो आणि तेथे वेगळी आठवण दिलेली असते. वर्गात ते पान वाचताना मुले अडखळतात, त्यांना ती लेखनिकाची चूक वाटते.