हद्दीवरचा शेजारधर्म

१७ ऑगस्ट १९४७ रोजी रॅडक्लिफ निवाडा प्रसिद्ध झाला आणि बंगाल व आसामच्या भूमीवर जी हद्द मुक्रर झाली, ती भातखाचरांतून, वस्त्यांतून आणि दर पावसाळ्यात पात्र बदलणाऱ्या नद्यांतून गेली; आज भारत व बांगलादेश यांच्यामधील ४,०९६ किलोमीटर लांबीच्या या सरहद्दीचा बंदोबस्त एकाच बाजूच्या बळावर होणे नाही, ही गोष्ट चौकीवरच्या पहारेकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही.

१ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली आणि त्याची धुरा नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेल्या के. एफ. रुस्तमजी यांच्याकडे आली. १९७१ च्या मार्चमध्ये ईस्ट पाकिस्तान रायफल्समधील बंगाली शिपायांनी बंड पुकारले, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते याच दलाचे जवान. आणि हेच बंडखोर पुढे स्वतंत्र बांगलादेशचे सीमारक्षक झाले. उभय दलांचा स्नेहसंबंध असा रणभूमीवर जुळला खरा, परंतु युद्धातील बंधुभाव शांतताकाळी पुरा पडत नाही. तेथे शिरस्ता लागतो. १९७५ मध्ये ठरलेल्या संयुक्त नियमांनी हद्दीपासून १५० यार्डांच्या आत संरक्षक बांधकामास मनाई केली आणि दोन्ही दलांच्या महासंचालकांच्या भेटींची परंपराही त्याच वर्षी सुरू झाली.

तरीही एप्रिल २००१ मध्ये पिरदिवा व बोराईबारी येथील चकमकींत १६ भारतीय जवान प्राणास मुकले, बांगलादेशचेही सैनिक पडले. आणि जानेवारी २०११ मध्ये तारेचे कुंपण ओलांडणारी एक बांगलादेशी किशोरी गोळीला बळी पडली. त्याच वर्षीच्या ३० जुलै रोजी समन्वित सीमा व्यवस्थापनाच्या योजनेवर सह्या झाल्या.

या योजनेतील समन्वित गस्तीचे स्वरूप मोठे बोधप्रद आहे. ठरलेल्या वेळी दोन्ही दलांच्या तुकड्या आपापल्या हद्दीतून, एकमेकींशी संपर्क राखून चालतात. त्यामुळे एका बाजूने हुसकावलेल्या तस्कराला दुसऱ्या बाजूस आसरा उरत नाही. चुकून पलीकडे गेलेल्या माणसाला परत आणावयाचे झाले, तर समोरच्या चौकीकडे निरोप जातो, सीमास्तंभापाशी फ्लॅग मीटिंग भरते आणि ओळख पटवून त्याला स्वाधीन केले जाते. अशा प्रसंगी चौकीच्या अंमलदाराच्या दृष्टीने सहकार्याची कसोटी एकच असते : निरोपाला उत्तर वेळेवर आले की नाही. मार्च २०१८ मध्ये उत्तर २४ परगण्यातील ८.३ किलोमीटरचा पट्टा उभय दलांनी गुन्हेमुक्त म्हणून जाहीर केला, तोही चौक्याचौक्यांतील अशाच संपर्काच्या भरवशावर.

तहनामे राजधानीत लिहिले जातात. परंतु ज्या अंधारात माणूस आणि चोर यांतील भेद डोळ्यांना दिसत नाही, तेथे बंदुकीच्या घोड्यावरचे बोट आवरून धरणारा विश्वास पलीकडच्या पहारेकऱ्याशी असलेल्या नित्य परिचयातूनच येतो, आणि म्हणून त्या परिचयात खंड पडू न देणे हे उभय सरकारांचे पहिले कर्तव्य होय.