वेंगुर्ला रॉक्स : दीपगृह आणि पाकोळ्यांची बेटं

वेंगुर्ला रॉक्स, म्हणजेच बर्न्ट आयलंड्स, हा वेंगुर्ल्याच्या वायव्येला भर समुद्रातला खडकाळ बेटांचा पुंजका. 'जळकी बेटं' हे नाव पोर्तुगिजांपासून चालत आलंय. इथं कायमची वस्ती नाही. मुरगावला रेल्वे पोचण्याआधी बेळगावचा बराचसा माल वेंगुर्ला बंदरातूनच ये-जा करायचा. जहाजांना हे खडक धोक्याचे, म्हणून इथं दीपगृह उभं राहिलं. उत्तरेला मालवणच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. तो भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झाला.

बेटांची खरी ओळख मात्र पाकोळ्यांची. हे पक्षी काळोख्या गुहेत टकटक आवाज काढून प्रतिध्वनीवर वाट शोधतात आणि स्वतःच्या लाळेनं कपारीला घरटं चिकटवतात. परदेशात या घरट्यांचं सूप करतात, त्यामुळे त्यांना मोठा भाव. एका विणीत अंडी जेमतेम दोन. घरटं ओरबाडलं की ती गेलीच, वर पक्ष्याला लाळ गाळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

२००१ च्या सुमारास इथली घरटेचोरी उघडकीस आली. त्यानंतर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं संरक्षणाचं काम हाती घेतलं. आता कायद्याचंही संरक्षण आहे. पण भर समुद्रातल्या गुहेवर पहारा ठेवणं सोपं नाही.