श्रद्धा आणि आरोग्य (नंदुरबार जिल्हा)

धार्मिक श्रद्धा, विधी आणि आचारनियम यांचा शरीराच्या व मनाच्या स्वास्थ्याशी असलेला संबंध. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात तो ठळकपणे दिसतो. 2011 च्या जनगणनेनुसार येथील सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा हे त्यांतील प्रमुख समाज.

आजार आणि विधी : जिल्ह्यातील सातपुड्याच्या भागात आजारी माणसाला दवाखान्याआधी भगताकडे (देवऋषीकडे) नेण्याची रीत जुनी आहे. भगत धान्याचे दाणे मांडतो, ते जोडीजोडीने मोजतो आणि सम-विषम पाहून कोणता देव कोपला ते सांगतो. पावरा समाजात नवस फेडण्यासाठी इंदल हा विधी करतात. कळंबाच्या फांद्या रोवून रात्रभर गाणी व नाच चालतो, सोयरेधायरे आणि गाव गोळा होते. घरावरच्या संकटात सगळे सोबत असल्याचा अनुभव त्या कुटुंबाला येतो. मनाला उभारी देण्याचे विधीचे बळ मुख्यतः या सोबतीत आहे.

धर्मातून व्यसनमुक्ती : 1922 मध्ये ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील देवी रोगाच्या साथीशी निगडित विधींतून ‘देवी चळवळ’ उभी राहिली आणि दक्षिण गुजरात व खानदेशातील आदिवासींत पसरली. दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, असे देवीचे आदेश अंगात आलेल्यांच्या तोंडून येत. 1930 च्या दशकात तळोदा तालुक्यात गुला महाराजांनी ‘आप’ पंथ सुरू केला. लहानथोर सर्वांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचे, एकत्र आरती करायची, दारू व चोरी सोडायची, स्वच्छ राहायचे, ही त्यांची शिकवण. 1938 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बंधू रामदास महाराजांनी हे काम पुढे नेले. 1943 मध्ये रावलापाणी येथे त्यांच्या अनुयायांवर ब्रिटिशांनी गोळीबार केला. पुढे भजनी परंपरेतून आलेले अंबरसिंग महाराज शहादा भागात आदिवासींचे नेते झाले. तेथील स्त्रियांनी 1970 च्या दशकात दारूची मडकी फोडली. व्यसन सुटले की घरात धान्य टिकते, मारहाण थांबते. या चळवळींनी आरोग्याला दिलेले सर्वांत मोठे देणे हेच. धर्मप्रेरणेतून थेट आरोग्यसेवाही आली : नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथे ख्रिस्ती सेवाभावातून रुग्णालय उभे राहिले.

अपाय : सर्पदंशावर मंत्र घालण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो. सिकलसेल या रक्तविकारातले सांधे ठणकणे देवाचा कोप मानले, तर रक्ततपासणी लांबते. सर्वांत क्रूर रूप बाईला डाकीण (चेटकीण) ठरवण्याचे. एखाद्याच्या आजाराचे खापर तिच्यावर फोडून तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रथेविरुद्ध जिल्ह्यात प्रबोधन केले आहे. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने करणीचा आरोप करून छळणे आणि साप, कुत्रा, विंचू चावल्यावर औषधोपचारापासून रोखणे, हे गुन्हे ठरवले.

संशोधन व समन्वय : नियमित उपासना करणाऱ्यांत नैराश्य व व्यसने तुलनेने कमी आढळतात, असे अनेक अभ्यास सांगतात, मात्र त्यामागे श्रद्धेइतकाच सोबतीचा व संयमाचा वाटा असू शकतो. देव शिक्षा देतो आहे, या भीतीने मात्र मनाचा त्रास वाढलेला दिसतो. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रमात मुजावर (दर्ग्याचे सेवक) मनोरुग्णांना प्रार्थनेसोबत मानसोपचाराकडेही पाठवतात. सातपुड्यातही भगताचा शब्द गावात चालतो. तो विरोधात गेला तर रुग्ण घरीच राहतो. त्यानेच ‘आधी दवाखाना’ म्हटले तर रुग्ण वेळेत पोहोचतो. म्हणून आरोग्यसेवेने भगताला हिणवून दूर सारू नये, सोबत घ्यावे. डाकिणीच्या आरोपाला मात्र कोणतीही सवलत असू नये.