बोर्डी : उथळ समुद्राकाठचे गाव

पालघर जिल्ह्याची किनारपट्टी वसईच्या खाडीपासून निघून उत्तरेस झाई गावापाशी गुजरातच्या सीमेला भिडते. या टोकाजवळ, डहाणू शहराच्या उत्तरेस सुमारे १७ किलोमीटर अंतरावर बोर्डी वसलेले आहे. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या आपल्या वसई धर्मप्रांताच्या सीमेतही हा प्रदेश येतो. तथापि वसई-विरारच्या बहुसंख्य भाविकांना बोर्डीची ओळख आहे ती शाळेच्या सहलीपुरती किंवा चिकूच्या करंडीपुरती. या गावाचा भूगोल आणि तेथील माणसांचे जीवन यांचा थोडक्यात परिचय येथे करून देत आहोत.

बोर्डीचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे तिचा समुद्र. येथील किनारा अतिशय मंद उताराचा आहे. ओहोटी लागली की पाणी अर्ध्या किलोमीटरहूनही दूर सरकते आणि राखाडी, ओलसर वाळूचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. भरती येते तीही सावकाश, पसरत पसरत. पर्यटकांच्या दृष्टीने हा किनारा सुरक्षित मानला जातो आणि मुलांना गुडघाभर पाण्यात दूरवर चालता येते. काठावर सुरूची झाडे आहेत. भरती-ओहोटीतील अंतर मात्र येथे कमी नाही. खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते, त्यामुळे मुंबईकडून उत्तरेस जावे तसतसा पाण्याचा चढउतार वाढत जातो. मुंबईत मोठ्या उधाणाला तो सुमारे पाच मीटर असतो, तर आखाताच्या आत भावनगरला दहा मीटरच्याही पुढे जातो. बोर्डी या दोहोंच्या मधल्या किनाऱ्यावर आहे. म्हणून येथील कोळ्याचा दिवस घड्याळापेक्षा तिथीवर अधिक अवलंबून असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, आणि त्याप्रमाणे होडी पाण्यात ढकलण्याची वेळ.

ज्या उथळपणामुळे हा किनारा सहलीला सोयीचा झाला, त्याच उथळपणामुळे तो मासेमारीच्या मोठ्या बंदराला गैरसोयीचा ठरला आहे. ओहोटीला होड्या चिखलात टेकून बसतात; मोठी यांत्रिक नौका आणावी तर तिला भरतीची वाट पाहत दूर थांबावे लागते. सातपाटीने पापलेटच्या जोरावर, तर अर्नाळ्याने बोंबलाच्या जोरावर आपली मासळीची बाजारपेठ उभी केली. बोर्डी, झाई आणि आसपासच्या गावांतील मांगेला व माच्छी समाजाची मासेमारी त्या मानाने लहान राहिली. अर्नाळ्याचे बेट चारही बाजूंनी पाण्याने वेढलेले असूनही तेथील कोळी घरच्या समुद्रात मासे मारतो. बोर्डीला समुद्राची एकच बाजू, तरी येथील अनेक दर्यावर्द्यांना पोटासाठी परक्या बंदरांत जावे लागते, हा विरोधाभास ध्यानात घेण्यासारखा आहे.

पावसाळी मासेमारीबंदी उठली की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील हजारो तरुण खलाशी म्हणून सौराष्ट्राकडे जातात. पोरबंदर, वेरावळ, ओखा ही त्यांची बंदरे. हंगाम थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतो. यांत केवळ पिढीजात मच्छीमार नाहीत. जमीन अपुरी व रोजगार तुटपुंजा असल्यामुळे डोंगरपट्टीतील आदिवासी तरुणही मोठ्या संख्येने बोटीवर जातात. हंगामाआधी मिळणारी उचल घरचे छप्पर, लग्न, आजारपण यांत खर्ची पडते आणि मग ती फेडण्यासाठी समुद्रावर जाणे क्रमप्राप्त होते.

या नोकरीतला खरा धोका वादळाचा नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्यामधील सागरी सीमा सर क्रीकच्या परिसरात आजही निश्चित झालेली नाही. पाण्यावर रेघ नसते. मासळीमागे जाणारी बोट पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागते, बोट जप्त होते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. शिक्षा काही महिन्यांची, परंतु सुटका वर्षानुवर्षे रेंगाळते, कारण ती दोन्ही देशांच्या संबंधांवर अवलंबून असते. २००८ साली झालेल्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी दोन्ही सरकारे एकमेकांच्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या देतात. या दोन तारखा येथील कित्येक घरांत दिनदर्शिकेवरील सणांइतक्याच पाठ आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याजवळच्या समुद्रात पाकिस्तानी दलाने केलेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातीलच एका खलाशाचा मृत्यू झाला. जो खलाशी तुरुंगात असतो त्याची मजुरी थांबते, घेतलेली उचल मात्र थांबत नाही. घर चालवण्याचे ओझे पत्नीवर आणि वृद्ध आईवडिलांवर पडते.

समुद्राकडे पाठ केली की दिसते ते बोर्डीचे दुसरे रूप, म्हणजे वाड्यांचे. बोर्डी-घोलवड परिसरातील चिकूच्या बागा प्रामुख्याने पारशी व इराणी बागायतदारांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढवल्या. पुढे स्थानिक शेतकऱ्यांनीही त्या लावल्या. मूळचे मध्य अमेरिकेतील हे झाड येथे इतके रुजले की २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. येथील मातीतील चुन्याचे प्रमाण फळाच्या गोडीला कारणीभूत आहे, असे मानले जाते. फळ झाडावर पिकत नाही. ते उतरवून, धुऊन, निवडून मगच पिकवले जाते, आणि या प्रत्येक पायरीवर लागणारे हात बहुतांशी आदिवासी मजुरांचे असतात. २०१३ पासून बोर्डीत चिकू महोत्सव भरू लागला. बागायतदारांची चिंता वेगळी आहे: पावसाळ्यातील बुरशीमुळे होणारी फळगळ आणि बी पोखरणारी अळी यांनी उत्पन्न घटवले आहे.

पारशी समाजाचे या प्रदेशाशी असलेले नाते बागांपेक्षा फार जुने. इराणमधून आलेले त्यांचे पूर्वज जेथे स्थिरावले ते संजाण सीमेपलीकडे अगदी जवळ आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘किस्से-संजाण’ या काव्यानुसार, संजाणचा पाडाव झाल्यावर धर्मगुरूंनी पवित्र अग्नी बारा वर्षे बाहरोटच्या डोंगरात सांभाळला. त्या गुंफा बोर्डीजवळच्या अस्वाली गावामागील डोंगरात आहेत. हाच अग्नी पुढे वांसदा, नवसारी असा फिरत शेवटी उदवाड्यास स्थिरावला. परागंदा झालेल्या श्रद्धावंतांना डोंगराने दिलेला हा आश्रय कोणत्याही धर्माच्या वाचकाला भिडल्यावाचून राहणार नाही.

शिक्षणाच्या बाबतीत बोर्डीचे नाव महाराष्ट्रभर झाले ते गोखले एज्युकेशन सोसायटीच्या सुनाबाई पेस्तनजी हकिमजी हायस्कूलमुळे. १९२० साली सुरू झालेल्या या शाळेला आचार्य भिसे यांच्यासारखे ध्येयवादी शिक्षक लाभले. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्रामीण मुलांसाठी बोर्डीत बालवाडी सुरू केली आणि अनुताई वाघ त्यांच्या मदतीस आल्या. शाळेत मूल येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या साध्या विचारातून अंगणवाडीची कल्पना आकारास आली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. पुढे हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज गावोगावी जी अंगणवाडी आपण पाहतो तिच्या नावाचे मूळ याच परिसरातले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. योगायोग असा, की त्याच १९४५ साली तलासरी तालुक्यातील झरी गावी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली शेतमजुरांनी वेठबिगारीविरुद्ध एकत्र येऊन लढा पुकारला. किनाऱ्यावर पाटी-पेन्सिल आणि डोंगरात वेठीला नकार, ही दोन्ही कामे काही कोसांच्या अंतरावर एकाच वेळी चालू होती. बोर्डीच्या शैक्षणिक लौकिकाविषयी लिहिताना हा दुसरा भाग बहुधा गाळला जातो, तो गाळू नये.

आता या किनाऱ्याच्या भवितव्याविषयी. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. याच प्राधिकरणाने १९९८ साली डहाणूच्या दक्षिणेस वाढवण येथे बंदर उभारता येणार नाही, असा निर्णय दिला. पंचवीस वर्षांनी चित्र पालटले. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला सशर्त संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालून हे बंदर उभे राहावयाचे आहे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर एक कृत्रिम बेटच निर्माण होणार आहे. सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली हे तेथील मोठे आकर्षण. बंदरामुळे रोजगार येईल, असे शासन सांगते. मच्छीमार संघटनांचा प्रश्न असा, की मासळीच्या प्रजननाचे खडकाळ क्षेत्र भरावाखाली गेले आणि जहाजांच्या मार्गात जाळी टाकण्यास मनाई झाली, तर किनाऱ्यालगत उरलेली लहान मासेमारी कोठे जाईल? आमच्या मते हा प्रश्न विकासविरोधी म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. सौराष्ट्राच्या बोटींवर जाणाऱ्यांची संख्या घटते की वाढते, यावर त्याचे उत्तर कळेल.

बोर्डीस जाण्यासाठी पश्चिम रेल्वेवरील घोलवड स्थानक सोयीचे आहे. बोर्डी रोड नावाचे स्थानक त्याच्या पुढे आहे, परंतु ते गावापासून दूर पडते. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या. तेथून पुढे रस्त्यानेही जाता येते. बाहरोटची चढण थकवणारी आहे, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा. समुद्रावर जाण्यापूर्वी ओहोटीची वेळ गावात कोणालाही विचारावी.