भिंतीतली ओल आणि अकरा महिन्यांचा कागद

आज राजवाडा नाही, किल्ला नाही, आज भिंतीबद्दल बोलू. भोर आणि वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, जूनमध्ये पाऊस लागला की जुन्या घरांच्या भिंती खालून वर ओल्या होत जातात. रंगाचे पोपडे सुटतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. घर भाड्याचं असेल तर मग वाद ठरलेला: दुरुस्ती कोणी करायची? या वादाला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी भिंतीचं थोडं. जुन्या घराचं जोतं दगडाचं, वर माती किंवा वीट, दर्जांत चुना. जमिनीतलं पाणी अशा भिंतीत चढतं, पण चुना आणि माती श्वास घेतात, त्यामुळे ते बाहेर वाळूनही जातं. आपण त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की वाळायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर सरकते. म्हणून मालक दर दिवाळीला रंग मारतो आणि पुढच्या जुलैत तोच नकाशा परत उमटतो. रंग मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे माझं स्पष्ट मत. गळती पन्हळीतून असेल तर पन्हळच बदलावी लागते.

आता कायदा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं की, जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने सूचना देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च व्याजासकट भाड्यातून कापावा. ऐकायला छान. पण मेख 'बांधील आहे' या शब्दांत आहे. मालक बांधील आहे की नाही, हे करारावर सोडलेलं. करारात काही नसेल तर भाडेकरू भिंतीकडे बघत बसणार.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली आणि मुंबई सरकारने १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर आला १९४७ चा मुंबई भाडेकायदा. त्याच्या कलम २३ ने दुरुस्तीची जबाबदारी थेट मालकावर टाकली. हा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ ला अमलात आला. त्या दिवशी भोर अजून पंतसचिवांचं संस्थान होतं. विलीनीकरण झालं ८ मार्चला. म्हणजे मुंबई इलाख्यातल्या भाडेकरूच्या हातात हे कलम पडलं तेव्हा भोरकर अजून संस्थानची प्रजाच होते. फरक महिन्याभराचाही नाही!

पण याच कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलं. महागाई वाढत गेली, भाडं तिथेच. चाळीस रुपये भाडं घेणारा मालक कौलं शाकारणार कशातून? १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं की हे गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही. तोपर्यंत पुण्यातले कितीतरी वाडे दुरुस्तीविना खचले होते. काहींची वाट तर १२ जुलै १९६१ लाच लागली होती. वेल्हे तालुक्यातलं पानशेत धरण फुटलं आणि पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात बसल्या.

मालकांनी दुसरी वाट काढली: 'लीव्ह अँड लायसन्स'. भाडेकरू म्हणायचंच नाही, 'परवानाधारक' म्हणायचं. १ फेब्रुवारी १९७३ ला जे परवानाधारक राहत होते त्यांना सरकारने भाडेकरूचं संरक्षण दिलं, नंतरच्यांना नाही.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तोही परिशिष्टात दिलेल्या भागांनाच. त्याचं कलम १४ म्हणतं: विरुद्ध करार नसेल तर मालकाने जागा राहण्याजोगी ठेवलीच पाहिजे. किमान पंधरा दिवसांची नोटीस द्या, तरी हलला नाही तर स्वतः करा आणि भाड्यातून कापा; वर्षाला मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. चाळीस रुपये भाडं असेल तर वर्षाला १२० रुपये. त्यात सिमेंटचं एक पोतंही येत नाही.

आणि हे कलम 'भाडेकरू'साठी आहे. माझ्यासारखा अकरा महिन्यांचा कागद करणारा त्यात बसत नाही. पूर्वी हक्क होता, पण मालकाकडे पैसा नव्हता. आज मी बाजारभावाने भाडं भरतो आणि हक्क पुन्हा करारावर, म्हणजे १८८२ वर गेला आहे. परवान्यासाठी १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याचं कलम ५७ आहे: जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि आपल्याला नसेल, तर त्याने तो सांगितला पाहिजे. पण नुसत्या कुबट वासाला धोका कोण म्हणणार?

भोरला मी राहतो त्या घराची पश्चिमेची भिंत दोन पावसाळे ओलीच आहे. मालक काका माणूस म्हणून चांगले, पण उत्तर ठरलेलं: "अहो, पावसाळ्यात असं व्हायचंच." या वेळी नूतनीकरणाच्या कागदात मी एक कलम सुचवलं. बाहेरची भिंत, छप्पर, पन्हळ आणि मुरणारं पाणी यांची दुरुस्ती मालकाची. लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत सुरू करायची. नाही केली तर मी करून पावती दाखवून भाड्यातून वळती करायची. सोबत राहायला जाण्याच्या दिवसाचे भिंतीचे फोटो, तारखेसकट, दोघांच्या सह्या करून.

काकांनी दोनदा वाचलं, म्हणाले, "पंधराचे तीस कर, गवंडी मिळत नाही रे पावसात." तीस लिहिले. नोंदणी झाली.