युद्धे धर्मामुळे होतात का? थायलंड-कंबोडिया वादाचा धडा

जगात कुठेही युद्ध पेटले की ‘हा दोन धर्मांचा लढा आहे’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. युवक शिबिरांतही हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. उत्तर देताना आम्ही अशा एका वादापासून सुरुवात करतो, जिथे दोन्ही बाजूंना बौद्धच आहेत.

सिद्धांत काय आहे?

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांनी १९९३ साली लेखातून आणि १९९६ साली पुस्तकातून ‘संस्कृतींचा संघर्ष’ ही मांडणी केली. शीतयुद्धानंतरचे मोठे संघर्ष विचारसरणी किंवा अर्थकारणापेक्षा संस्कृतीच्या सीमारेषांवर होतील, असे त्यांचे म्हणणे होते. अमर्त्य सेन यांनी २००६ च्या पुस्तकात त्याला विरोध केला. माणसाला भाषा, वर्ग, लिंग, व्यवसाय अशा अनेक ओळखी असतात. त्याला एकाच ओळखीत कोंडणे हेच हिंसेला खतपाणी घालते, असा त्यांचा मुद्दा आहे.

एकच धम्म, तरीही तोफा

थायलंड आणि कंबोडिया हे दोन्ही देश थेरवादी बौद्ध बहुसंख्येचे. त्यांच्या वादाच्या केंद्रस्थानी आहे डांगरेक डोंगरकड्यावरचे प्रेह विहार हे ख्मेर राजांनी बांधलेले प्राचीन शिवमंदिर. १९०४ च्या करारात फ्रान्स आणि सयाम यांनी पाणलोट रेषा ही सीमा ठरवली. पण १९०७ च्या फ्रेंच नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखवले गेले. फ्रेंच गेल्यावर थाई सैनिकांनी मंदिराचा ताबा घेतला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ साली मंदिर कंबोडियाला दिले, मात्र भोवतालच्या जमिनीचा वाद राहिला.

२००८ साली मंदिर जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा थायलंडमधील सरकारविरोधकांनी तो राजकीय मुद्दा केला. सीमेवर चकमकी झाल्या, २०११ मध्ये त्या भडकल्या. २०१३ साली न्यायालयाने मंदिराचा कडाही कंबोडियाचाच असल्याचे स्पष्ट केले. तरीही जुलै २०२५ मध्ये सीमेवर अनेक ठिकाणी पाच दिवस लढाई झाली आणि दोन्हीकडच्या लाखो लोकांना घरे सोडावी लागली.

इथे धर्मभेद नाही. आहे तो वसाहतकालीन नकाशा, जमीन, सत्तेचे राजकारण आणि राष्ट्राभिमान. इराण आणि इराक हे दोन्ही शियाबहुल देश १९८० ते १९८८ लढले. रशिया आणि युक्रेन दोन्हीकडे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बहुसंख्य आहेत. उलट इराणचे ख्रिस्ती आर्मेनियाशी संबंध चांगले आहेत.

मग धर्माचा काहीच वाटा नाही?

तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. म्यानमारमध्ये १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने बहुसंख्य रोहिंग्या नागरिकत्वाबाहेर राहिले. पुढे काही भिक्खूंनीच मुस्लिमविरोधी प्रचार चालवला. २०१७ च्या लष्करी कारवाईनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले आणि प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हक्क आधी कायद्याने काढले गेले, आणि ते पचवण्यासाठी धर्माचे नाव वापरले गेले. ते नाव बुद्धाचे होते म्हणून आपण गप्प बसणार असू, तर इतरांच्या धर्मांधतेवर बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहत नाही.

रोहिणीचे पाणी

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य-कोलीय वादात दाखवले आहे. हे शेजारी आणि नातलग भांडले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्रतिनिधी व त्यांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांकडून निवाडा सुचवला. म्हणजे आधी वादाचे कारण शोधा, मग वाटाघाटी करा.

म्हणून युद्धाचा पुढचा संदेश पुढे पाठवण्याआधी आपण चार प्रश्न विचारू या. जमीन, पाणी किंवा तेल कोणाला हवे आहे? सीमा कोणी आखली? या युद्धाने कोणाची खुर्ची टिकते? आणि कोणाचे हक्क आधीच हिरावले गेले होते? उत्तरे मिळेपर्यंत ‘धर्मयुद्ध’ हा शब्द आपण वापरू नये.